ह्याला रकाना नाही

महिन्याची पंचवीस तारीख उलटली होती. अकोले तालुक्यात घाटाकडच्या अंगाला, पावसाळाभर ढगातच असते अशी एक वाडी आहे. तिथल्या आशाताईंच्या, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावच्या आरोग्य कार्यकर्तीच्या, पडवीत मी बसलो होतो. समोर पाटावर त्यांचा क्लेम फॉर्म, म्हणजे महिन्याच्या कामाच्या मोबदल्याचा अर्ज, पसरलेला. पाऊस आडवा येत होता म्हणून फॉर्मच्या एका कोपऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवलेला आणि दुसऱ्या कोपऱ्यावर त्यांच्या धाकट्याचं पुस्तक. एकेका कामापुढं आकडा लिहायचा, लाभार्थीचं नाव लिहायचं, पुढं रुपये. गरोदर मातेची नोंदणी. घरभेटी. लसीकरण पूर्ण झालेली बाळं. क्षयाच्या रुग्णाला दिलेल्या गोळ्या. ताईंचं अक्षर मोठं आणि गोल आहे. रकान्यात मावत नाही, म्हणून त्या श्वास रोखून लिहितात.

मध्येच त्या थांबल्या. शेजारच्या पाड्यातली एक बाई, वय छत्तीस-सदतीस. अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरलीय, म्हणून खाली बाजारच्या गावी एका खासगी दवाखान्यात गेली होती. तिथं सांगितलं, पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. नवऱ्यानं वासरू विकायची तयारी चालवली. हे ताईंना पाणवठ्यावर कळलं. त्यांनी त्या बाईला एसटीनं ग्रामीण रुग्णालयात नेलं. पहिल्या दिवशी बाईडॉक्टर नव्हत्या. दुसऱ्या खेपेला भेटल्या. तपासलं, जंतुसंसर्ग आहे म्हणाल्या, नवरा-बायको दोघांना गोळ्या दिल्या. महिन्याभरात बाई भातलावणीला उभी राहिली. पिशवी वाचली, वासरूही वाचलं.

मी विचारलं, "ह्याचे किती मिळतात?"

ताईंनी फॉर्म उलटा-सुलटा करून मला दाखवला आणि हसल्या. "ह्याला रकाना नाही, भाऊ."

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे, आणि आशांच्या मानधनावरच्या दर वर्षीच्या वादात नेमकं तेच बाजूला पडतं. गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्तीचं सर्वांत मोलाचं काम मोजता येत नाही, आणि आपण तिला पैसे मात्र मोजलेल्या कामाचेच देतो. तिचं काम आपण नगावर विकत घेतलं आहे, विडी वळणाऱ्या बाईकडून हजाराच्या हिशेबानं विड्या घ्याव्यात तसं. मग जे रकान्यात आहे ते होतं, आणि जे रकान्यात नाही ते तिच्या भलेपणावर राहतं. भलेपणा पुष्कळ आहे म्हणून निभावतंय. पण भलेपणावर चाललेल्या गोष्टीला धोरण म्हणत नाहीत.

पांढरं जाण्याची तक्रार किरकोळ वाटत असेल तर गडचिरोलीतला एक जुना अभ्यास आठवावा. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली आणि ते निष्कर्ष १९८९मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि आधी कधी तपासणी झालेल्या बायका शंभरात जेमतेम आठ. त्या काळी शासनाच्या लेखी गावातली बाई म्हणजे एक गर्भाशय: त्यात मूल असेल तर नोंद करा, दोन झाली असतील तर ऑपरेशनला पाठवा. बाकी बाई आजारी असते हे कुणाच्या वहीतच नव्हतं. तीस वर्षांनी, २०१९मध्ये, बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. आता ह्या बायकांच्या गावात आशा होत्याच की! प्रत्येकीच्या घरी त्या वर्षातून कितीतरी वेळा जाऊन आल्या असतील. पण त्या गेल्या पोलिओच्या डोससाठी, सर्व्हेसाठी, कार्डासाठी. कंबर दुखते म्हणणाऱ्या बाईजवळ बसायला त्यांच्याकडे ना वेळ होता, ना गोळी, ना अधिकार. पुढं दवाखान्याची पाटी होती, आणि ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला होता.

गावातल्याच बाईला आरोग्याचं शिक्षण देण्याची ही कल्पना दिल्लीहून आलेली नाही. आपल्याकडे ती उगवली जामखेडच्या माळावर. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७०मध्ये तिथं गेले, तेव्हा आधी त्यांनी शिकलेल्या नर्सच गावोगाव ठेवून पाहिल्या. नर्स गावात रमेनात आणि गावही त्यांच्यात रमेना. मग गावांनी आपल्यातल्याच बाया पाठवल्या. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या. ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्यांच्या हातून गाव औषध घेऊ लागलं. ही गोष्ट सोपी झाली नाही आणि लवकरही झाली नाही. पण झाली.

मग गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं पुढचं पाऊल टाकलं. नवजात बाळ गावात, घरातच मरतं, तर उपचारही घरातच पोचला पाहिजे, असा तो साधा विचार. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्या बाईला बाळाचं वजन करायला, ताप मोजायला, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला शिकवलं, आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही. हे शेवटचं शिकवलं म्हणून केवढी ओरड झाली! सातवी पास बाईच्या हातात सिरिंज? ३९ गावांमधल्या ह्या प्रयोगाचे निकाल १९९९च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये आले. तुलनेला घेतलेल्या गावांच्या मानानं नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. सुई टोचण्यावरून ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी नंतर माघार घेतली, याची मात्र कुठं नोंद नाही.

पुढं शासनानं ही पद्धत उचलली. 'घरी जाऊन नवजात बाळाची काळजी' हा कार्यक्रम २०११पासून आशांकडे देशभर आला. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरभेट. वजनकाटा, थर्मामीटर, घोंगडीची पिशवी. सगळं घेतलं, इंजेक्शन तेवढं वगळलं. ते नर्सबाईकडे राहिलं. म्हणजे आशानं बाळ बघायचं, बाळ मलूल झालंय हे ओळखायचं, चिठ्ठी लिहायची आणि १०८ला फोन लावायचा. जिथं गाडी तासाभरात येते तिथं हे चालेल. पावसाळ्यात आमच्या वरच्या वाड्यांवर गाडी येते ती ओढ्यापर्यंत. पुढं झोळी.

मला हा फरक फार मोठा वाटतो. आरोळे आणि बंग यांनी गावातल्या बाईला उपचार करणारी बनवलं होतं. आपण तिचं रूपांतर हळूहळू घेऊन जाणारी, आणून देणारी आणि लिहून घेणारी अशा बाईत केलं. काम वाढवत नेलं, हात मात्र बांधले.

आता मोबदल्याचं बघू. २००५च्या १२ एप्रिलला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि आशा आल्या. महाराष्ट्रात आधी आदिवासी भागात, मग सगळीकडे. हजार लोकसंख्येला एक, बाई त्याच गावची, शक्यतो सून, निवड ग्रामसभेतून. पगार नाही, कामावर आधारित मोबदला. हे असंच का, यालाही इतिहास आहे. १९७७मध्ये जनता सरकारनं २ ऑक्टोबरच्या मुहूर्तावर गावोगाव आरोग्यरक्षक नेमले होते, महिना ५० रुपयांवर. बहुतेक पुरुष होते. पुढं त्यांनी पगारवाढ मागितली, नोकरीत कायम करा म्हणाले, योजनेचा जीव गेला. त्यातून धडा असा काढला गेला की पुढच्या खेपेला बायका घ्या आणि पगाराचं नाव काढू नका. मोबदल्याच्या प्रत्येक वादात हा धडा कागदाच्या मागच्या बाजूला वाचता येतो.

दरपत्रक जवळून पाहिलं की ते कुणी केलं असेल याचा अंदाज येतो. ग्रामीण भागात गरोदरपणातल्या तपासण्या करून घेतल्या तर ३०० आणि दवाखान्यात बाळंतपण करवलं तर ३००. नवजात बाळाच्या सगळ्या भेटी पुऱ्या झाल्या की २५०. वर्षाच्या आत बाळाचं लसीकरण पूर्ण झालं की १००. कागदावर शहाणपणाचं दिसतं. पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण कुठं होतं? माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की पोर निघते माहेराला. सासरच्या आशानं तिसऱ्या महिन्यापासून तिला लोहगोळ्या खायला लावलेल्या, सोनोग्राफीला नेलेलं, सासूशी भांडून दुपारची झोप मिळवून दिलेली. बाळंतपण झालं माहेरच्या आशाच्या हिशेबात. ती पोर सव्वा महिन्यानं किंवा तीन महिन्यांनी बाळासकट परत येते, तोवर घरभेटींचे बहुतेक दिवस सरलेले. आमच्या ताईंच्या फॉर्मवर त्या महिन्यात अशी दोन नावं होती, दोन्ही अर्धवट. शेकडो वर्षांची रीत आहे ही, गुप्त काही नाही. पण दर ठरवणाऱ्याच्या टेबलापर्यंत माहेर पोचलंच नसावं.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं काय? दिवाळीनंतर पाच-सहा महिने अर्धं गाव कोयता घेऊन बाहेर. रजिस्टरमध्ये कुटुंब गावात असतं, बाई असते कारखान्याच्या तळावर पाचटाच्या खोपीत. गावच्या आशाला ती सापडत नाही आणि तळावरच्या गावातल्या आशाच्या यादीत ती नाही. पुढं बीडमध्ये टोळ्यांतल्याच बायकांना 'आरोग्य साथी' म्हणून शिकवून औषधपेटी देण्याचा प्रयत्न झाला, तो मला योग्य दिशेचा वाटतो. आरोग्य कार्यकर्ती माणसाबरोबर हवी, सात-बाराबरोबर कशाला?

मोबदला वेळेवर येतो असंही नाही. ताईंनी मोबाइलवर बँकेचे मेसेज दाखवले. आषाढातल्या कामाचे पैसे नवरात्रात. मध्ये दुकानदाराची उधारी. तालुक्याला चौकशी केली तर "वरून आले नाहीत" हे उत्तर. वर म्हणजे नक्की कुठं, ते सांगायला कुणी तयार नसतं.

इतकं असूनही ह्या बायकांनी काय करून दाखवलं, ते आकड्यांत स्वच्छ दिसतं. २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली जेमतेम ३८.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१च्या पाहणीत ८८.६ टक्के. महाराष्ट्राचा आकडा ह्याच काळात ६४वरून ९४ टक्क्यांच्या पुढं गेला. राज्यातला बालमृत्युदर २००५मध्ये हजारी ३६ होता, २०२०मध्ये १६. याचं सगळं श्रेय आशांना देणं चुकीचं होईल. रस्ते झाले, १०८ आली, मुली शिकल्या, हातात मोबाइल आले. पण रात्री दोनला कळा सुरू झाल्यावर त्या १०८ला फोन कुणी लावला आणि गाडीत शेजारी कोण बसलं, हे कुठल्याही वाडीवर विचारा.

त्या १६मधले ११ मृत्यू पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले आहेत. म्हणजे आता उरलेली लढाई नेमकी घरातली आहे, बाळंतिणीच्या खोलीतली. दवाखान्यापर्यंत पोचवण्याचं काम बऱ्यापैकी उरकलं. इथून पुढं लागणार आहे ती नजर: बाळ दूध ओढतंय का, छाती आत जातेय का, आई एकटीच भिंतीकडे तोंड करून का झोपते. ही नजर भेटींची संख्या वाढवून येत नाही. शिकवणीनं येते आणि सवडीनं येते. तेवढ्याच दोन गोष्टी आपण आशाला देत नाही.

सवड कुठं जाते? रजिस्टरांत आणि आता मोबाइलमध्ये. कुष्ठरोगाचा सर्व्हे, क्षयाचा सर्व्हे, तिशीवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब-मधुमेहाचा फॉर्म, आयुष्मान कार्ड, आभा नंबर, हिवतापासाठी रक्तनमुने. प्रत्येक कार्यक्रम वरच्या कुणालातरी महत्त्वाचा वाटतो आणि तो खाली सरकत सरकत एकाच पिशवीत येऊन पडतो. कोविडमध्ये २०२०च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली, तेव्हा थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन ह्याच दारोदार हिंडल्या. लोक दारं लावून घेत होते, काही ठिकाणी अंगावर धावून जात होते. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्यांना संप करावा लागला. महिना १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता पदरात पडला. २०२२च्या मे महिन्यात जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक पुरस्कारानं गौरव केला. त्यानंतर दीड वर्षानं महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशा पुन्हा संपावर. २०२३च्या नोव्हेंबरात वाढीचं आश्वासन मिळालं. ते कागदावर उतरायला २०२४चा मार्च उजाडला आणि त्यासाठी आझाद मैदानात थंडीत बसावं लागलं. तेव्हा राज्यानं महिना ५,००० रुपये वाढवले.

ही वाढ चांगली झाली, आणि ती निश्चित रक्कम आहे, नगावारी नाही, हे जास्त चांगलं झालं. ७० हजार बायकांना महिना पाच हजार म्हणजे वर्षाचे ४२० कोटी. राज्याच्या खर्चात हा आकडा मोठा नाही आणि नगण्यही नाही. इतक्या पैशांत एखादा उड्डाणपूल होतो, आणि तो चुकला तर पाडून पुन्हा बांधतात. पण रक्कम वाढली म्हणून नातं बदललं का? ती अजून 'स्वयंसेविका'च आहे. शब्द निरुपद्रवी वाटतो. पण त्याच एका शब्दामुळं किमान वेतन तिला लागू नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, बाळंतपणाची रजाही नाही. शंभर बायकांची बाळंतपणं सुखरूप करणाऱ्या बाईला स्वतःच्या बाळंतपणाची पगारी रजा नाही, हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, कारण ते टाळीचं वाक्य वाटतं. पण खरं आहे, त्याला इलाज नाही. २०१३च्या भारतीय श्रम परिषदेनं ह्या योजना-कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली होती. परिषदेत सरकारही असतं, मालकही आणि कामगार संघटनाही. शिफारस तिथंच आहे.

दुसरी बाजू मी मोडीत काढत नाही. माझ्या ओळखीचे एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी आहेत, उभी हयात आदिवासी भागात काढलेले. ते म्हणतात, "कायम करा आणि बघा. सहा महिन्यांत ती ग्रामसेवकासारखी तालुक्याला राहायला जाईल आणि तुम्ही तिची वाट बघत बसाल." हा आक्षेप रागातून नाही, अनुभवातून आलेला आहे. मुख्यालयी न राहणारे किती जण आपण पाहिलेत! शिवाय जामखेडचा दाखला ह्या बाजूनंही देता येतो: तिथल्या कार्यकर्त्या पगारी नव्हत्या, आणि म्हणूनच त्या गावाच्या राहिल्या, असं म्हणणारे आहेत.

जामखेडचं आधी. तिथल्या बायकांना पगार नव्हता, पण बाकी पुष्कळ होतं. वर्षानुवर्षं दर आठवड्याचं शिक्षण होतं. शेळ्या, छोटं कर्ज, स्वतःची कमाई उभी करायला मदत होती. चूक झाली तर शिकवणारे आणि अडचणीत पाठीशी उभे राहणारे डॉक्टर होते. त्यातलं काहीच न देता फक्त 'पगार नको' एवढं उचलायचं, हा सोयीचा जामखेड झाला. आणि आरोळे दांपत्य तिथं स्वतः राहिलं होतं. बिनपगारी सेवाभावाचा उपदेश करणारा माणूस पगारी असेल, तर तो उपदेश जरा कमी आवाजात करावा.

आता तालुक्याला राहायला जाण्याचं. ग्रामसेवक बदलीवर येतो, आशा सून म्हणून आलेली असते. तिचं घर, शेत, पोरं, भाऊबंदकीची भांडणंसुद्धा तिथंच. पगार मिळाला म्हणून ती कुठं जाईल? पण आक्षेपातला गाभा मला मान्य आहे: पगार खात्यानं दिला तर ती खात्याची होईल, गावाची उरणार नाही. फक्त मला सांगा, आज ती कुणाची आहे? क्लेम फॉर्मवर सही कुणाची लागते? सकाळी आठला व्हॉट्सॲप ग्रुपवर "आजच्या आज यादी पाठवा" कोण लिहितं? निवडीपुरती ग्रामसभा, नंतर सगळा हुकूम खालच्या-वरच्या कचेऱ्यांचा. म्हणजे नोकरीचे सगळे तोटे तिला आधीच आहेत. फायदे तेवढे द्यायचे राहिलेत.

दुसरीकडे हे कसं झालं तेही बघावं. ब्राझीलमध्ये १९९०च्या दशकापासून वस्तीतलाच आरोग्य कार्यकर्ता दर महिन्याला प्रत्येक घरी जातो. तो पगारी आहे, डॉक्टर-नर्सच्या पथकाचा भाग आहे, आणि २०२२मध्ये त्यांनी घटनादुरुस्ती करून त्याचं वेतन किमान वेतनाच्या दुपटीपेक्षा कमी नसेल असं ठरवलं. तिथली कार्यकर्ती वस्ती सोडून पळालेली नाही. फार लांब नको, पाकिस्तानात १९९४पासून 'लेडी हेल्थ वर्कर' आहेत. त्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडून २०१२मध्ये नोकरीत कायम होणं मिळवलं. शेजाऱ्याकडून शिकायचं नसेल तर निदान लाजावं तरी.

माझ्या मते पगाराची मागणी जितकी न्याय्य आहे तितकीच ती एकटी अपुरी आहे. संघटना मानधनावर अडून बसतात, ते समजण्यासारखं आहे. पोट आधी. पण उद्या पगार झाला आणि काम हेच राहिलं, तर आपल्याला ७० हजार पगारी कारकून मिळतील. पगाराबरोबर पेटी बदलली पाहिजे. पॅरासिटामॉल, ओआरएस, झिंक, लोहगोळ्या ही यादी कागदावर आहे. ताईंच्या पेटीत मी त्या दिवशी पाहिलं तर ओआरएसच्या चार पुड्या आणि गर्भतपासणीच्या दोन पट्ट्या होत्या. थर्मामीटरचा सेल गेलेला. पेटी भरलेली असली तर लोक आशाच्या दारी येतात. रिकामी असली तर आशाला लोकांच्या दारी जावं लागतं, आणि ती आली की लोकांना वाटतं, आली सर्व्हेवाली. गावातला मान हा असा पेटीत असतो. रक्तदाबाचा फॉर्म ती भरते, तर रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला पोचवणं, मोजणं आणि बिघडला तर फोनवर डॉक्टरला विचारून पुढचं ठरवणं तिला का शिकवू नये? मलूल बाळाला गाडी पोचणार नसेल तिथं पहिलं इंजेक्शन तिनं का देऊ नये? पंचवीस वर्षांपूर्वी गडचिरोलीत हे सिद्ध झालंय, आपण पुन्हा पुराव्याची वाट बघतोय. धोका आहेच. पण दुर्गम वाडीवर तुलना आशा आणि बालरोगतज्ज्ञ यांच्यात नसते. तिथं आशा नाहीतर भगत.

आणि तिच्या वेळेतला मोठा भाग मोकळा सोडावा. त्याचा हिशेब मागू नये. हे सांगितलं की अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. न मोजलेला वेळ म्हणजे त्यांना वाया गेलेला वेळ वाटतो. पण पाणवठ्यावर पिशवीची गोष्ट कळते, सर्व्हेत कळत नाही. तो वेळ गावाला माहीत असतो. म्हणून त्याचं मोजमाप करायचंच असेल तर ते गावानं करावं. वर्षातून दोनदा ग्रामसभेत आशाच्या कामावर, तिच्या पेटीवर आणि तिच्या अडचणींवर बोलणं व्हावं, आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी समोर बसून ऐकावं.

हे सांगायला सोपं आहे म्हणून मी एकदा करूनही पाहिलं. माझ्या स्वतःच्या गावी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उभा राहिलो. घरकुलं झाली, गटाराचं झालं, दलित वस्तीच्या निधीवरून नेहमीची खडाजंगी झाली. मग मी विचारलं की आपल्या आशाताईंच्या औषधपेटीत आज काय काय आहे, हे कुणी सांगेल का. थोडा वेळ शांतता. मागच्या बाजूला बसलेल्या आशाताईंनी पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की घाबरून, ते मला दिसलं नाही. सरपंच सदस्यांकडे बघायला लागले. सदस्य छताकडे.

मग ग्रामसेवकांनी प्रोसिडिंगची वही पुढं ओढली, एक पान मागं उलटलं, परत पुढं केलं. "तसं नाही साहेब," ते म्हणाले, "पण हा विषय पत्रिकेवर नाही. लिहू कुठं?"